अलिबाग आणि मुंबई, एकाच बोर्डावर

नवीन पनवेलमध्ये, कळंबोली महामार्गाजवळ, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आहे. या संस्थेची वंशावळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेपर्यंत मागे जाते. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी चालू होती. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून निघालेले प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळले, तेव्हा कुलाब्याच्या निरीक्षकांनी एक डोळा घड्याळावर ठेवून क्षेत्राची घसरण टिपली. ती घसरण सुमारे १६०० नॅनोटेस्लांची होती, आणि त्या वादळाच्या ताकदीचा अंदाज बांधताना अभ्यासक आजही कुलाब्याच्या या नोंदींकडे वळतात. पुढे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. रुळांतून वाहणाऱ्या प्रवाहाने कुलाब्याची नाजूक उपकरणे भरकटणार हे उघड होते, आणि अधिक चांगली उपकरणे आणून तो प्रश्न सुटणारा नव्हता, कारण उपकरण जितके नाजूक तितकी ट्रामची बाधा जास्त. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात, १९०४ मध्ये, चुंबकीय मोजणी समुद्रापलीकडे अलिबागला हलवली गेली. कचेरी मुंबईतच राहिली. ज्या कामाला शांतता हवी ते गजबजाटापासून दूर गेले, आणि ज्या कामाला गजबजाट बाधत नाही ते शहरात राहिले.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुनियेत सध्या ज्या बोर्डांची चर्चा आहे त्यांची रचना नेमकी अशीच आहे. तळहातावर मावणाऱ्या एकाच पट्टीवर दोन स्वतंत्र मेंदू बसवलेले असतात, म्हणून त्यांना संकरित बोर्ड म्हणू. एक लिनक्स चालवणारा प्रोसेसर, म्हणजे छोटासा पण पूर्ण संगणक; दुसरा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे वॉशिंग मशीनपासून लिफ्टपर्यंत सगळीकडे दडून बसलेली, एकच प्रोग्राम आयुष्यभर फिरवत राहणारी चिप. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी चिप बनवणाऱ्या क्वालकॉमने शिकाऊ बोर्ड बनवणारी आर्डुइनो कंपनी विकत घेत असल्याचे जाहीर केले आणि त्याच दिवशी ‘उनो क्यू’ हा या जातीचा बोर्ड समोर आणला. त्याच्या एका बाजूला २ गिगाहर्ट्झचे चार गाभे असलेला, डेबियन लिनक्स चालवणारा क्वालकॉमचा प्रोसेसर आहे. दुसऱ्या बाजूला १६० मेगाहर्ट्झचा एसटीएम३२ जातीचा मायक्रोकंट्रोलर. मूळ आवृत्तीची किंमत ४४ डॉलर ठेवली गेली. आकडेच पाहायचे तर जुन्या आर्डुइनो उनोमध्ये २ किलोबाइट स्मृती होती आणि या बोर्डाच्या लिनक्स बाजूला २ गिगाबाइट आहे, म्हणजे सुमारे दहा लाख पट. जाहिरातीत हाच आकडा चमकतो, पण त्याने दिशाभूल होते. एवढी ताकद हाताशी असताना शेजारी १६० मेगाहर्ट्झचा गरीब मायक्रोकंट्रोलर मुद्दाम का ठेवला, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर वेगात सापडत नाही, वेळेच्या हमीत सापडते. आणि ही हमी मिळवून देते ती त्या दोघांमध्ये आखलेली सीमा. अशा बोर्डाचे सगळे मोल, आणि सगळी जोखीमही, या सीमेवर आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी लिनक्सला वेळ का पाळता येत नाही ते पाहू. लिनक्स हा स्वभावाने समंजस कारभारी आहे. त्याच्या दाराशी एकाच वेळी शंभर कामे उभी असतात: वाय-फायवरून आलेला निरोप, कॅमेऱ्याचे चित्र, फाइल साठवणे, स्क्रीन रंगवणे, मागे चालू असलेले अपडेट. तो प्रत्येकाला थोडा थोडा वेळ देतो आणि एकंदरीत सगळ्यांचे काम लवकर उरकावे असे बघतो. सरासरी काढली तर त्याच्यासारखा कार्यक्षम कोणी नाही. पण यंत्राला सरासरी कळत नाही. खेळण्यातल्या किंवा छोट्या रोबोटमधल्या सर्व्हो मोटरचे उदाहरण घ्या. तिला दर २० मिलिसेकंदांनी एक विद्युत स्पंद पाठवायचा असतो. तो १ मिलिसेकंद लांबीचा असला तर हात एका टोकाला, २ मिलिसेकंदांचा असला तर साधारण ९० अंश फिरून दुसऱ्या टोकाला. म्हणजे स्पंद संपवायला मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाचा उशीर झाला की हात ९ अंशांनी चुकला. लिनक्सने नेमक्या त्या क्षणी मेमरी कार्डावर काही लिहायला घेतले तर एवढा उशीर सहज होतो. हजार वेळा तो होणार नाही, एक हजार एकाव्या वेळी होईल, आणि मोटर झटका देईल. मायक्रोकंट्रोलरच्या दाराशी मात्र वाट पाहणारे दुसरे कामच नसते. जुन्या उनोतली १६ मेगाहर्ट्झची चिप दर ६२.५ नॅनोसेकंदांनी एक ठोका देते, बहुतेक सूचना एक-दोन ठोक्यांत पुऱ्या होतात, आणि स्पंदाची लांबी मोजायला तिच्या पोटात वेगळा टायमर असतो. ती मंद आहे, पण तिचा शब्द पक्का आहे. ‘रिअल-टाइम’ या शब्दाचा अर्थ ‘झटपट’ असा केला जातो. खरा अर्थ ‘ठरल्या वेळेच्या आत, दर वेळी’ असा आहे.

हा केवळ पुस्तकी भेद नाही, हे इंटेलच्या अनुभवाने दाखवून दिले. २०१३ मध्ये इंटेलने ‘गॅलिलिओ’ नावाचा बोर्ड आणला. त्यात ४०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर होता, त्यावर लिनक्स होते, आणि आर्डुइनोसाठी लिहिलेला प्रोग्राम त्याच लिनक्सवर एक सामान्य प्रोग्राम म्हणून चालत असे. वेगळा मायक्रोकंट्रोलर नव्हताच. बाहेरच्या बहुतेक पिना मुख्य चिपला थेट जोडलेल्या नव्हत्या. मध्ये एक संथ दुय्यम चिप होती. परिणाम असा, की नेहमीच्या आज्ञेने एखादी पिन चालू-बंद करायची तर ते सेकंदाला जेमतेम २३० वेळा जमत असे, तर १६ मेगाहर्ट्झचा साधा उनो तेच काम हजारो वेळा करत होता. पुढच्या आवृत्तीत इंटेलने बऱ्याच पिना थेट जोडून ही अडचण कमी केली, तरी २०१७ मध्ये ही सगळी मालिकाच गुंडाळली गेली. त्याच २०१३ मध्ये आलेल्या ‘बीगलबोन ब्लॅक’ने उलटा मार्ग धरला. त्याच्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपमध्ये १ गिगाहर्ट्झचा लिनक्स चालवणारा गाभा होताच, शिवाय २०० मेगाहर्ट्झचे दोन चिमुकले गाभे निव्वळ पिना हाताळण्यासाठी राखून ठेवले होते. त्यांची एक सूचना ५ नॅनोसेकंदांत पुरी होते आणि लिनक्स कितीही गुंतलेले असो, त्यांच्या ठोक्यात फरक पडत नाही. आर्डुइनोचा स्वतःचा ‘युन’ हा बोर्डही त्याच वर्षीचा. त्यात लिनक्सची चिप आणि मायक्रोकंट्रोलर वेगवेगळे होते, पण दोघांना जोडणारी वाट एका अरुंद सिरियल तारेची, आणि मायक्रोकंट्रोलरची स्मृती अवघी अडीच किलोबाइट. निरोपांची ने-आण सांभाळण्यातच तिचा मोठा भाग खर्ची पडे. तीन बोर्ड, एकच साल आणि तीन धडे: सीमा नसेल तर वेळ पाळली जात नाही, सीमा नीट आखली तर पाळली जाते, आणि सीमेवरची वाट अरुंद असेल तर दोन्ही बाजू उपाशी राहतात.

या विभागणीची सर्वांत कठीण परीक्षा पृथ्वीवर झाली नाही, ती मंगळावर झाली. १९ एप्रिल २०२१ रोजी नासाचे ‘इंजेन्युइटी’ हे १.८ किलो वजनाचे हेलिकॉप्टर मंगळाच्या विरळ हवेत ३९ सेकंद उडाले. त्याची पाती मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास फिरत. पृथ्वीवरून निघालेला निरोप तिथे पोचायला कित्येक मिनिटे लागतात, त्यामुळे तोल त्याचा त्यालाच सांभाळायचा होता. त्याच्या पोटात मोबाइल फोनमध्ये वापरली जाणारी स्नॅपड्रॅगन ८०१ ही चिप होती आणि तिच्यावर लिनक्स चालत होते. खालच्या जमिनीची सेकंदाला ३० चित्रे पाहून आपण कुठे सरकतो आहोत याचा हिशेब ती करत असे. पण पात्यांचा कोन तिच्या हाती दिलेला नव्हता. ते काम मोटारींसारख्या, जिथे सुरक्षा महत्त्वाची अशा वापरासाठी बनवलेल्या दोन मायक्रोकंट्रोलरांकडे होते, आणि उडताना सेकंदाला ५०० वेळा सुधारणा होत होती. ज्या चिपवर चित्रे समजून घेण्याइतकी ताकद होती तिच्यावर तोल सांभाळण्याची जबाबदारी टाकायची नाही, हा निर्णय जाणूनबुजून घेतलेला होता. काही मोजक्या उड्डाणांसाठी पाठवलेले ते यंत्र जानेवारी २०२४ पर्यंत ७२ वेळा उडाले.

इथे पहिला आक्षेप येतो: हे सारे जुन्या लिनक्सबद्दल खरे असेल, पण प्रोसेसर वर्षागणिक वेगवान होत आहेत आणि खुद्द लिनक्सही वेळ पाळायला शिकले आहे. आक्षेपात तथ्य आहे. लिनक्सला रिअल-टाइम बनवणाऱ्या बदलांवर जवळजवळ वीस वर्षे काम चालले होते आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ या आवृत्तीत ते मुख्य प्रवाहात सामील झाले. नीट जुळवलेल्या यंत्रावर आता सर्वांत वाईट विलंबही बऱ्याचदा शंभर मायक्रोसेकंदांच्या आत ठेवता येतो. यंत्रमानवाचे हात आणि आवाज हाताळणारी उपकरणे यांतल्या बऱ्याच कामांना तेवढे पुरते. तरीही दोन गोष्टी उरतात. पहिली म्हणजे सुरुवात. वीज आल्यावर लिनक्स जागे व्हायला कित्येक सेकंद घेते, कधी अर्धे मिनिट. तेवढा वेळ त्याच्या पिना कोणाच्याच ताब्यात नसतात, आणि त्यांना जोडलेला रिले त्या वेळात लागला काय आणि सुटला काय, विचारणारे कोणी नसते. मायक्रोकंट्रोलर काही मिलिसेकंदांत कामाला लागतो. कोकणच्या पावसाळ्यात वीज दिवसातून चार वेळा डोळा मारते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या अर्ध्या मिनिटाचे महत्त्व सांगावे लागणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे खात्री पटवून देण्याचा खर्च. लिनक्सच्या गाभ्यात कोट्यवधी ओळींचा प्रोग्राम आहे. तो कुठल्याही परिस्थितीत अमुक वेळेपेक्षा जास्त घेणार नाही हे सिद्ध करणे फार अवघड. मायक्रोकंट्रोलरवरचा हजार ओळींचा प्रोग्राम एक माणूस आठवडाभर बसून ओळ न् ओळ तपासू शकतो. वेळ पाळणे ही एक गोष्ट, आणि वेळ पाळली जाईल हे आधी सांगता येणे ही दुसरी.

दुसरा आक्षेप नेमका उलट्या बाजूचा आहे. मायक्रोकंट्रोलरच आता इतके सुधारले आहेत की लिनक्सची गरज काय? ईएसपी३२ सारखी चिप वाय-फायसकट काही शे रुपयांत मिळते. हा आक्षेप मी मोठ्या प्रमाणात मान्य करतो. इमारतीच्या गच्चीवरची टाकी भरली की पंप बंद करायचा, एवढ्यासाठी दोन मेंदूंचा बोर्ड घेणे म्हणजे उंदीर पकडायला हत्ती पाळणे. तिथे तरंगता स्विचही पुरतो. लिनक्सची गरज पडते ती कॅमेऱ्यातले चित्र समजून घ्यायचे असेल, महिनोन्‌महिन्यांच्या नोंदी साठवून शोधायच्या असतील, नेटवर्कवरचा संवाद सुरक्षित ठेवून त्याची सुरक्षा वेळोवेळी अद्ययावत करायची असेल, किंवा दुसऱ्यांनी पायथॉनमध्ये लिहून ठेवलेले तयार काम वापरायचे असेल तेव्हा. आणि ही गरज असतानाही रास्पबेरी पाय या छोट्या लिनक्स संगणकाला यूएसबी केबलने एक साधा आर्डुइनो जोडून पोरे कित्येक वर्षे काम भागवत आली आहेत. त्या जोडीचा एक फायदा एकत्र बोर्डाला नाही: एक अर्धा जळला तर तेवढाच बदलता येतो. मग एकत्र बोर्डाने काय साधते? सैल होणारा एक जोड जातो, दोन्ही बाजूंचे प्रोग्राम एकाच ठिकाणाहून भरता येतात, आणि मुख्य म्हणजे शिकणाऱ्यासमोर ही विभागणी पहिल्याच दिवशी येऊन उभी राहते. यापलीकडे त्यात जादू नाही. तत्त्व महत्त्वाचे आहे. ते एका पट्टीवर पाळले की दोन पट्ट्यांवर, हा सोयीचा भाग.

तत्त्व महत्त्वाचे म्हटले की पनवेलकर लगेच बोट दाखवतील ते तळोज्याकडे. तळोजा एमआयडीसीतल्या किंवा पाताळगंगेच्या कुठल्याही रासायनिक कारखान्यात काम केलेला माणूस म्हणेल, यात नवे काय? आमच्या पॅनेलमध्ये पीएलसी आहे आणि कंट्रोल रूममध्ये स्काडाचा संगणक आहे. पीएलसी दर काही मिलिसेकंदांनी सगळे सेन्सर वाचतो, ठरलेले नियम लावतो, व्हॉल्व्ह आणि मोटरींना हुकूम देतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. स्काडा आलेख दाखवतो, नोंदी ठेवतो, अलार्म वाजवतो. स्काडाचा संगणक अडकला तर ऑपरेटर तो बंद करून चालू करतो. रिॲक्टरचे तापमान तोवर पीएलसीच सांभाळत असतो. हे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. १९६८-६९ मध्ये अमेरिकेत पहिला पीएलसी जन्मला, तेव्हापासून कारखान्यांनी ही विभागणी पाळलेली आहे. मी तर म्हणेन, संकरित बोर्डाचे सर्वांत मोठे समर्थन हेच, की कारखान्यांत पन्नास वर्षे टिकलेली शिस्त त्यात आली आहे. नवी आहे ती किंमत, आणि नवे आहेत ते हात. पण म्हणून असा बोर्ड पीएलसीची जागा घेईल असे कोणी समजू नये. कारखान्यातले सिग्नल २४ व्होल्टचे असतात. उनो क्यूच्या मायक्रोकंट्रोलरच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि लिनक्स बाजूच्या तर १.८ व्होल्टच्या. मध्ये विद्युत विलगीकरण नसेल तर शेजारच्या मोठ्या मोटरीच्या एका झटक्यात बोर्ड खलास. धूळ, उष्णता, आम्लाच्या वाफा आणि दहा वर्षांनी तोच सुटा भाग मिळण्याची हमी, या सगळ्यासाठी पीएलसीला जास्त पैसे मोजले जातात, आणि ते फुकट जात नाहीत.

मग अशा बोर्डाचा खरा उपयोग कुठे? पीएलसी परवडत नाही किंवा त्याच्या आवाक्याबाहेरची हुशारी हवी, अशा मधल्या पट्ट्यात. कळंबोली, कामोठे ही गावे खाडीलगतच्या सखल जमिनीवर वसलेली आहेत. नवी मुंबई वसवताना सिडकोने अशा भागांसाठी धारण तलाव खोदले. भरती चढली की पाण्याच्या दाबानेच झडपा मिटतात, खाडीचे पाणी आत येत नाही, आणि पावसाचे पाणी तेवढा वेळ तलावात साठते. ओहोटीला झडपा उघडून ते निघून जाते. ती झडप म्हणजे जगातला सर्वांत निष्ठावान मायक्रोकंट्रोलर म्हणायला हरकत नाही: तिला हवामान कळत नाही, नेटवर्क लागत नाही, आणि ती चुकत नाही. आता समजा, अशा तलावावरच्या पंपांसाठी कोणी विद्यार्थी संकरित बोर्डावर यंत्रणा आखतो आहे. कामांची यादी केली की प्रत्येकापुढे त्याने एकच प्रश्न लिहावा: हे काम एक मिनिट लांबले तर काय बिघडेल? पंप कोरडा चालतो आहे, तीनपैकी एक फेज गेली आहे, पाणी धोक्याच्या खुणेला टेकले आहे, यांत एक मिनिट गेले तर मोटर जळेल किंवा रस्त्यावर पाणी येईल. ही कामे मायक्रोकंट्रोलरची. उद्याच्या भरतीचे वेळापत्रक पाहणे, हवामान खात्याचा इशारा वाचून तलाव आधीच थोडा रिकामा करायला सुचवणे, गाळाचा अंदाज घ्यायला कॅमेऱ्याची चित्रे पाहणे, अधिकाऱ्यांना निरोप पाठवणे, यांत एक मिनिट गेले तर कोणाचे काही जात नाही. ही कामे लिनक्सची. या उदाहरणात कुठेच मायक्रोसेकंद लागत नाहीत, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. तरी सीमा लागतेच. लिनक्सने मायक्रोकंट्रोलरला ‘पंप चालू कर’ असा हुकूम देण्याऐवजी ‘पातळी अमुक ठेव’ अशी विनंती करावी; मायक्रोकंट्रोलरने ती आपल्या मर्यादेत बसते का ते तपासावे; आणि लिनक्सकडून ठरावीक वेळात ‘मी जागा आहे’ अशी खूण आली नाही तर जुन्या, साध्या नियमावर परत यावे. शहाण्याला मूर्च्छा आली तरी साध्याने घर बुडू देऊ नये, एवढीच अपेक्षा.

सर्वांत वजनदार आक्षेप मी शेवटी ठेवला आहे. दोन मेंदू म्हणजे दोन प्रोग्राम, दोन आवृत्त्या, दोन ठिकाणी शोधायच्या चुका, आणि तिसरीच एक जागा जी कोणाचीच नाही: त्या दोघांमधली फट. हा आक्षेप खोडता येत नाही; त्याची किंमत समजून घ्यावी लागते. इंजेन्युइटीचे सहावे उड्डाण २२ मे २०२१ रोजी झाले. उडून ५४ सेकंद झाले आणि कॅमेऱ्याकडून येणाऱ्या चित्रांच्या रांगेतले एकच चित्र गळाले. चित्र गळाल्याने फारसे बिघडले नसते. बिघडले ते असे, की त्यानंतरच्या प्रत्येक चित्रावर चुकीच्या वेळेचा शिक्का बसत गेला. चित्र नेमके कधीचे, याचा हिशेब करणाऱ्याचा अंदाजच चुकत गेला. चुकीच्या वेळेच्या आधारे आपली हालचाल सुधारू पाहणारे हेलिकॉप्टर पुढेमागे झोके घेऊ लागले. ते पडले नाही, कारण रचनेत तोलासाठी भरपूर सवड ठेवली होती आणि उतरतानाच्या शेवटच्या टप्प्यात कॅमेऱ्याकडे दुर्लक्ष करायचे असे आधीच ठरवलेले होते. ठरलेल्या जागेपासून सुमारे पाच मीटरच्या आत ते सुखरूप टेकले. सीमा ओलांडताना माहितीबरोबर तिची वेळही ओलांडली पाहिजे, ती वेळ जिथे मोजणी झाली तिथेच लिहिली गेली पाहिजे, आणि एखादा निरोप हरवला तर हरवल्याचे कळले पाहिजे, हा या घटनेचा धडा आहे. भूचुंबकत्वाच्या वेधशाळांना तो नवा नाही. दर सेकंदाला नोंद करणाऱ्या वेधशाळांसाठी इंटरमॅग्नेट या जागतिक जाळ्याने जे निकष ठरवले आहेत, त्यांत वेळेचा शिक्का सेकंदाच्या शंभराव्या हिश्शापर्यंत अचूक हवा अशी अट आहे. मोजमाप कितीही बारीक असले तरी ते कधीचे हे नक्की नसेल तर अलिबागच्या नोंदीची दुसऱ्या खंडातल्या नोंदीशी तुलना कशी करणार?

सीमेची दुसरी जोखीम सुरक्षेची. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या विषाणूने इराणच्या अणुकेंद्रातल्या यंत्रांपर्यंत पोचताना आधी साधे विंडोज संगणक गाठले, आणि त्यांच्यामार्फत पीएलसीचा प्रोग्रामच बदलला. म्हणजे विभागणी होती, पण हुशार बाजूला साध्या बाजूचे मन बदलण्याचा अधिकार होता. संकरित बोर्डांवरही लिनक्स बाजूकडूनच मायक्रोकंट्रोलरमध्ये नवा प्रोग्राम भरता येतो. शिकताना ही मोठी सोय असली, तरी प्रत्यक्ष यंत्र चालवताना तेच चोरदार ठरू शकते. म्हणून जिथे जिवाला धोका आहे तिथे मायक्रोकंट्रोलरवरही शेवटचा भरवसा टाकू नये. हाताने दाबायचे लाल बटण थेट वीज तोडणारे असावे, त्याच्या वाटेत कुठलाच प्रोग्राम नसावा. विभागणीचे तत्त्व टोकापर्यंत नेले की ते इथेच येऊन थांबते: काम जितके निर्वाणीचे, तितका ते करणारा साधा.

शिक्षणाच्या दृष्टीने मला या बोर्डांचे जे महत्त्व वाटते ते याच कारणाने. आपल्याकडे संगणक शाखेचा विद्यार्थी पायथॉन शिकतो आणि पिनेला हात लावत नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी मायक्रोकंट्रोलर शिकतो आणि ऑपरेटिंग सिस्टिमकडे परका म्हणून बघतो. दोघांना एका टेबलावर आणण्याचे काम अभ्यासक्रमाला क्वचित जमते. या बोर्डावर दुसरा इलाजच नसतो. आयात बोर्डांवरच हे शिकले पाहिजे असेही नाही. सी-डॅकची स्थापना १९८८ मध्ये पुण्यात झाली आणि तिचे एक केंद्र पनवेलच्या वाटेवर, खारघर स्थानकासमोर आहे. या संस्थेने ‘वेगा’ मालिकेत रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेवर ‘तेजस-३२’ हा १०० मेगाहर्ट्झचा मायक्रोकंट्रोलर घडवला आणि त्याचे ‘एरीज’ हे शिकाऊ बोर्ड आणले. डिसेंबर २०२५ मध्ये तिच्याच ‘ध्रुव-६४’ या १ गिगाहर्ट्झच्या, दोन गाभ्यांच्या प्रोसेसरची घोषणा झाली. वेळ पाळणारा आणि विचार करणारा, असे दोन्ही अर्धे आता देशात रचले जाऊ लागले आहेत. त्यांना एका पट्टीवर आणणे हे पुढचे पाऊल, आणि ते चिप बनवण्याइतके अवघड नाही. अवघड आहे ते त्यांच्यातला करार लिहिणे.

तो करार किती चिकाटीने लिहावा लागतो हे मूस यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. १९०४ मध्ये अलिबागची मोजणी सुरू झाल्यावर त्यांनी कुलाब्याची लगेच बंद केली नाही. सुमारे दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालू राहिल्या, कारण दोन ठिकाणच्या आकड्यांतला फरक पक्का कळल्याशिवाय कुलाब्याची साठ वर्षांची मालिका आणि अलिबागची नवी मालिका एका ओळीत लावता आली नसती. काम दोन जागी वाटणे हा एका आदेशाचा प्रश्न होता. वाटल्यावरही ते एकच काम राहावे म्हणून त्या दोन वर्षांच्या जोडनोंदी लागल्या, आणि कुलाब्यापासूनची नोंद आज सलग वाचता येते ती त्यांच्याच जोरावर.